पाळणाघर मागायला जाताना खोली मागू नका, तास मागा

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरी पट्ट्यात फिरलात तर द्राक्षाच्या मांडवाखाली एक दृश्य हमखास दिसतं. तारेला साडीची झोळी, झोळीत तान्हं पोर, आणि दोन ओळी पलीकडे मान वर करून मणी विरळणारी त्याची आई. अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून मी एकदा गावभेटीला गेले होते, तेव्हा शेजारच्या प्लॉटात फवारणीचा ब्लोअर सुरू झाला. वारा आमच्याच दिशेचा. बाईनं झोळीवर दुपटं टाकलं आणि पुन्हा कात्री उचलली. अंगणवाडी तिथून दोनशे पावलांवर होती. पण ती दुपारी सुटायची आणि बागेतलं काम सुटायचं साडेपाचला. शिवाय पोर दहा महिन्यांचं. अंगणवाडीच्या लेखी ते घरपोच आहाराचं पाकीट घेणारं लाभार्थी. दिवसभर तिथं राहणारं नव्हे.

निवृत्तीनंतर मी दोन गावांना ‘पाळणा’ योजनेची कागदं तयार करून दिली. एकाचं काम मार्गी लागलं. दुसऱ्याची फाइल तालुक्यातूनच परत आली, आणि चूक आमचीच होती. ती काय, ते पुढे येईलच. तुमच्या गावाला किंवा वस्तीला सरकारी पाळणाघर हवं असेल तर काय, कोणत्या क्रमानं करायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी योजना समजून घ्या

सरकारी पाळणाघर ही नवी गोष्ट नाही. आधी राजीव गांधींच्या नावाची पाळणाघर योजना होती, २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, आणि १ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ झाली. नावं बदलली यापेक्षा खर्चाची वाटणी बदलली हे महत्त्वाचं. पूर्वी बहुतेक पाळणाघरं स्वयंसेवी संस्था चालवायच्या आणि ९० टक्के पैसा केंद्राचा असायचा. २०१७ मध्ये वाटणी केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० अशी झाली. राज्याचा वाटा वेळेवर येईना, आणि मधल्या महिन्यांचं मानधन खिशातून द्यायची ताकद छोट्या संस्थांत नव्हती. त्या दशकाच्या मध्यात देशात वीस हजारांच्या वर असलेली पाळणाघरं दशक संपताना साडेसहा हजारांच्या आसपास उरली. त्यातली कितीतरी चांगली चालली होती.

आता संस्थेचा वाटा नाही. केंद्र ६० आणि राज्य ४०. भर आहे तो अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्यावर, म्हणजे ‘अंगणवाडी-नि-पाळणाघर’. देशभर अशी १७ हजार केंद्रं करायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात ३४५ आहेत. राज्यात अंगणवाड्या एक लाखाच्या वर, त्यात ३४५. म्हणजे रांग मोठी आहे, आणि रांगेत पुढे सरकायचं तर कागद चोख हवेत.

एका केंद्रात सहा महिने ते सहा वर्षं वयाची २५ पर्यंत मुलं घेता येतात. केंद्र महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास चालतं. आई नोकरीला आहे की नाही अशी अट नाही. हे लक्षात ठेवा, कारण ‘नोकरीचा दाखला आणा’ असं कुणीतरी नक्की म्हणेल. शेतमजूर बाईला नोकरीचा दाखला कोण देणार?

यादी, आणि ती कशी करायची

सगळ्या प्रस्तावाचा जीव यादीत असतो. आमचं दुसरं गाव इथेच घसरलं. घाई होती म्हणून सेविकाताईंनी अंगणवाडीच्या हजेरीपटावरूनच २५ नावं उतरवली. सगळी तीन ते सहा वयोगटातली. कार्यालयातून विचारणा आली, ‘ही मुलं आधीच अंगणवाडीत येतात, मग पाळणाघर कशाला?’ प्रश्न बरोबरच होता. ज्या पोरांसाठी आम्ही धडपडत होतो ती झोळीतली आणि रांगती पोरं यादीत नव्हतीच.

तेव्हा दारोदार जा. दुपारी जाऊ नका, कारण दुपारी घरी सापडतात त्या बाया कामावर न जाणाऱ्या. सकाळी सहा-साडेसहाला, मजुरांचा पिकअप चौकात येतो तेव्हा उभं राहा, नाहीतर रात्री आठनंतर घरी जा. बरोबर सेविकाताई किंवा आशाताई असू द्या. अनोळखी माणसाला कुणी पोराची माहिती देत नाही.

प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं. ‘मुलाला कोण सांभाळतं?’ असं विचारलं की बायका चटकन ‘आजी’ म्हणतात. त्यात मानापमानाचाही भाग आहे. पोर कुणाच्या भरवशावर नाही हे कबूल करायला जड जातं. मी एकीला विचारलं, ‘आजी काल कुठे होत्या?’ ती हसली. ‘माझ्याच टोळीत, माझ्या पुढच्या ओळीला.’ तर प्रश्न असा करा: काल सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पोर कुठे होतं, तासातासानं सांगा. मग खरं बाहेर येतं. आठ ते दहा शेजारीण, दहा ते बारा अंगणवाडीच्या ओट्यावर, मग चौथीतली बहीण शाळेतून मधेच घरी. त्या बहिणीचं नावही लिहून ठेवा आणि शाळेतून तिची हजेरी काढा. माझ्या अनुभवात तहसीलच्या बैठकीत सर्वात जास्त परिणाम त्या हजेरीच्या कागदाचाच झाला.

यादीत प्रत्येक मुलामागे इतकं हवं: नाव, जन्मतारीख (लसीकरणाच्या कार्डावरून, अंदाजानं नाही), आईचं नाव, आईचं काम, कामाला निघायची आणि परतायची वेळ, हंगामाचे महिने, घरापासून अंगणवाडीचं अंतर. वय सहा महिने ते तीन वर्षं आणि तीन ते सहा वर्षं असे दोन भाग वेगळे काढा. पहिल्या भागात निम्मी तरी नावं असतील तर प्रस्तावाला वजन येतं. २५ मुलांची मर्यादा आहे म्हणून पंचविसावर थांबू नका. चाळीस निघाली तर चाळीस लिहा. प्रतीक्षायादी हीदेखील मागणीच असते.

आणि तासांचा एक साधा तक्ता करा. आडवे तास, उभ्या आया, ज्या तासाला आई घराबाहेर त्या चौकोनात फुली. आमच्या गावात फुल्या सकाळी साडेसातला सुरू झाल्या आणि साडेपाचपर्यंत गच्च होत्या. अंगणवाडीच्या वेळेनं त्यातला सकाळचा तुकडा तेवढा झाकला जात होता. हा तक्ता पाहिल्यावर ‘पाळणाघर कशाला’ हा प्रश्न पुन्हा आला नाही. खोली तर आधीच होती. दुपारनंतरचे तास नव्हते. मागणी त्याच शब्दांत करा.

जागा पाहून ठेवा

स्वतःची इमारत असलेली अंगणवाडी असेल तर काम सोपं. भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत सकाळी तीस मुलं बसत असतील तर तिथेच तान्ह्यांना झोपवायचं म्हणणं कागदावरच शोभतं. जवळ समाजमंदिर, बंद पडलेली शाळाखोली, ग्रामपंचायतीचं जुनं कार्यालय असं काही आहे का ते पाहा.

फोटो काढून प्रस्तावाला जोडा: नळ, संडास, विजेचा मीटर, स्वयंपाकाची जागा. गॅसची टाकी आणि पोरं एकाच खोलीत नकोत. मध्ये निदान अर्ध्या उंचीचं दार हवं. पाण्याच्या टाकीला आणि हौदाला झाकण हवं. स्विचबोर्ड खाली असतील तर वर घ्यावे लागतील. फरशी ओली राहते का ते पावसाळ्यातच कळतं, म्हणून जुलैत एकदा जाऊन या. तान्ह्यांसाठी अंधारा, शांत कोपरा हवा, कारण तीन वर्षांच्या पोरांचं गाणं आणि आठ महिन्यांच्या पोराची झोप एकाच वेळी जमत नाही.

ठराव

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिकडे बहुतेक ठिकाणी सह्यांपुरतं पाहिलं जातं. तुम्ही तिथे खरंच जा, कारण हा विषय तिथूनच यायला हवा. आधी सरपंचांना आणि ग्रामसेवकांना (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लेखी अर्ज देऊन विषय अजेंड्यावर घ्या. ऐनवेळचा विषय म्हणून आला तर चर्चा होते, टाळ्याही पडतात, आणि प्रोसिडिंग बुकात एक ओळही उतरत नाही.

ठरावात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या अंगणवाडीत पाळणाघर हवं, किती मुलांसाठी हवं, आणि ग्रामपंचायत स्वतः काय देणार. तिसरी सगळ्यात कामाची. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. बऱ्याच गावांत ही रक्कम मार्चमध्ये शिलाई मशीन किंवा सतरंज्या घेऊन संपवली जाते. त्यातून पंखे, गाद्या, पाळण्याचे कापड, कुंपण, एखाद्या महिन्याचं मानधन उशिरा आलं तर उचल असं काही बांधून घ्या. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक आणि तारीख असलेली सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात हातात घ्या. पुढच्या महिन्यात देतो म्हणतील. नाही म्हणा.

फाइल कुठून कुठे जाते

प्रस्ताव सेविका आणि पर्यवेक्षिकेच्या अहवालासह तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जातो. तिथून जिल्हा परिषदेत महिला व बालविकासचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी, तिथून नवी मुंबईत बेलापूरच्या रायगड भवनातलं एकात्मिक बाल विकास सेवा आयुक्तालय. मंजुरी राज्य मागतं आणि केंद्र देतं. म्हणजे तालुक्यात कुणी ‘मंजूर करतो’ म्हणालं तर गोड मानून घ्या, पण फाइल पुढे गेली का तेच विचारा.

प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक घ्या आणि वहीत तारीख टाका. महिनाभर काही हललं नाही तर फोन, दोन महिन्यांनी लेखी स्मरणपत्र. तरीही नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात ‘पाळणाघर का देत नाही’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती म्हणत नाहीत. असं विचारा: या प्रकल्पातून पाळणा योजनेसाठी कोणत्या गावांचे प्रस्ताव पाठवले, आमच्या गावाचा कोणत्या तारखेला कुणाकडे पाठवला, त्यावर काय शेरा आहे, टिपणीची प्रत द्या. आमची परत आलेली फाइल का परत आली हेही या टिपणीतूनच कळलं. तोवर आम्ही उगाच माणसांवर रुसलो होतो.

राज्याच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहताना जिल्हा वार्षिक योजनेकडेही लक्ष ठेवा. तिच्यातला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखीव असतो. त्यातून मानधन निघणार नाही, पण इमारतीची दुरुस्ती किंवा जादा खोली निघू शकते. त्यासाठी नियोजन समितीच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांच्या किंवा सदस्यांच्या हाती एक पानी निवेदन पडायला हवं. एक पानीच. जास्त कुणी वाचत नाही.

पैशाचं गणित, दिसेल असं

अंगणवाडी-नि-पाळणाघरात पाळणा सेविकेला महिना ५,५०० रुपये, पाळणा मदतनीसला ३,००० रुपये, आणि आधीपासूनच्या अंगणवाडी सेविकेला १,५०० व मदतनीसला ७५० रुपये जादा भत्ता. बेरीज १०,७५०. त्यातले केंद्राचे ६,४५० आणि राज्याचे ४,३००. पंचवीस मुलांनी भागलं तर एका मुलामागे मानधनाचा खर्च महिना ४३० रुपये. शहरातलं खासगी पाळणाघर यासाठी हजारांत घेतं. सरकारसाठी हा सौदा स्वस्त आहे, आणि तो मुख्यतः बायकांच्या कमी मोबदल्यामुळे स्वस्त आहे.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पाळणाघर बंद का पडतं हे कळावं म्हणून लिहिते. ५,५०० भागिले २६ म्हणजे दिवसाला २११ रुपये. हंगामात द्राक्षबागेत त्याच बाईला याहून जास्त रोज मिळतो. मग विरळणीच्या दिवसांत, म्हणजे नेमकी पाळणाघराची सर्वाधिक गरज असताना, पाळणा सेविकाच रजेवर जाते. शेजारी बसणाऱ्या अंगणवाडी सेविकेचं मानधन २०२४ च्या वाढीनंतर १३,००० झालं आहे. पाळणा सेविका रोज ते पाहत असते.

यावर उपाय गावपातळीवर थोडेच आहेत. एक, निवडताना बारावी झालेली नवी मुलगी घेण्याऐवजी गावातच राहणारी, स्वतःचं लहान मूल असलेली बाई पात्र असेल तर तिला प्राधान्य मिळावं म्हणून जाहिरात वस्तीत नीट पोहोचवा. स्वतःचं पोरही तिथेच सांभाळलं जात असेल तर ती टिकते. दोन, ज्यांच्या बागेत या आया कामाला जातात त्या बागायतदारांना हंगामापुरती वर्गणी मागा. आमच्या गावात दोन शेतकऱ्यांनी दिली. मजूर तिसऱ्या गावाला न जाता आपल्याकडे येतात, एवढा हिशेब त्यांना बरोबर कळतो. ही रक्कम ग्रामपंचायतीच्या पावतीवरच घ्या, सेविकेच्या हातात रोख नको.

शहरात आणि कंपनीत

शहरी वस्तीत अंगणवाडी नागरी प्रकल्पाकडे असते आणि ग्रामसभा नसते. वॉर्डातल्या नगरसेवकाचं पत्र आणि वस्तीतल्या बचत गटांच्या सह्या तिची जागा घेतात. महापालिका आणि नगरपालिकांच्या अर्थसंकल्पातही महिला व बालकल्याणाचा हिस्सा बाजूला ठेवलेला असतो. खरी अडचण जागेची. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या कामाचे दोन तुकडे असतात, सकाळचा आणि संध्याकाळचा. त्यामुळे तासांचा तक्ता इथे जास्तच लागतो.

एमआयडीसीत असाल तर सरकारी योजनेआधी कायद्याकडे जा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी. पन्नास बायकाच हव्यात असं नाही. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. छोटे कारखाने एकत्र येऊन एकच पाळणाघर चालवू शकतात किंवा पालिकेचं, संस्थेचं वापरू शकतात. शेड लागून असलेल्या चार-पाच युनिटांना हे परवडतं. इमारतींच्या कामावर मुंबई मोबाइल क्रेशेससारख्या संस्था १९७२ पासून बिल्डरच्या साइटवरच पाळणाघरं चालवत आल्या आहेत. त्यांची रचना एकदा पाहून या. पत्र्याच्या शेडमध्येही किती नीटनेटकं होतं ते कळतं.

सुरू झाल्यावरचे पहिले दोन महिने

पहिल्या दिवशी २५ मुलं घेऊ नका. सहा-सात घ्या, आयांना पहिले तीन दिवस तासभर बसू द्या. एका पोरानं रडायला सुरुवात केली की सगळी रडतात, आणि दोन बायकांच्या हातात वीस रडकी पोरं म्हणजे तिसऱ्या दिवशी कुलूप.

वही एकच पण कडक: मूल किती वाजता, कुणी आणलं; किती वाजता, कुणी नेलं; सही किंवा अंगठा. नेणाऱ्यांची नावं आधी लिहून घ्यायची. मामा आला, काका आला, चालणार नाही. ताप असलेलं पोर त्या दिवशी घेऊ नका, आणि औषध आईनं दिलेलं असलं तरी वहीत लिहूनच द्या. लसीकरणाची कार्डं बघून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत येतं त्या दिवशी तान्ह्यांनाही समोर बसवा; एरवी ती राहून जातात.

सकाळचा नाश्ता, दुपारचं गरम जेवण आणि संध्याकाळचा खाऊ अशी तीन वेळची सोय हवी. सर्वांत जास्त ओढाताण दूध पिणाऱ्या पोरांची होते. आई जवळच्याच शेतात असेल तर दुपारी येऊन पाजून जायची मुभा मुकादमाशी बोलून ठरवून घ्या. आमच्याकडे मुकादमानं आधी नाक मुरडलं, मग जेवणाची सुट्टी अर्धा तास वाढवली.

आणि वेळेची पाटी रंगवून घेऊ नका, खडूची ठेवा. साडेसात तास ठरलेले आहेत, पण ते कधी सुरू व्हावेत हे पर्यवेक्षिकेशी बोलून हंगामाप्रमाणे बदलून घ्या. आमच्या पाळणाघराच्या दारावर गेल्या मोसमात लिहिलं होतं: ‘द्राक्षाच्या दिवसांत सकाळी ७.३० ते दुपारी ३.’ त्याच्या खाली पोरांच्या आयांपैकी कुणीतरी खडूनंच जोडलं होतं, ‘३ ते ५.३० चं काय?’ ते पुसू नका असं मी सेविकाताईंना सांगितलं, आणि पुढच्या प्रस्तावासाठी त्याचा फोटो काढून ठेवला.